भाजीबाजार की सुपरमार्केट: चार-पाच वर्षांच्या मुलाचं गणित कुठे जमतं?

मोजणीसाठी नाशिकच्या गोदाकाठचा बुधवारचा बाजार सरस. सहा लिंबं मुलालाच पिशवीत टाकू द्या. एक लिंबू, एक आकडा. नुसतं बोट दाखवून मोजताना तोंड पुढे पळतं नि बोट मागे राहतं, म्हणून चुकतं. मग विचारा, "एकूण किती?" ते पुन्हा एकपासून मोजू लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे अजून उमगलेलं नाही. टोकू नका, पुढच्या वेळी तीनच लिंबं द्या. साधा तराजू दिसला तर थांबाच: पाव किलोला 200 आणि 50 ग्रॅमची दोन वजनं लागतात, अर्ध्या किलोला एकच! गर्दीत मात्र एकच काम द्यावं.

सुपरमार्केट अंक ओळखायला बरं. फळीवरच्या पट्टीवर 5 शोधायला सांगा. 99 रुपयांचे हिशेब या वयात नकोत. एक गफलत हमखास होते: 500 ग्रॅम हे 1 किलोपेक्षा जास्त वाटतं, कारण आकडा मोठा. समजावत बसू नका. साखरेच्या दोन्ही पिशव्या दोन हातांत द्या, मग 500च्या दोन एका हातात.

एकच जागा निवडायची तर आम्ही बाजार निवडू. पावसाळ्यात, घाटावर पाणी चढलं की, सुपरमार्केट.