९०.४ वर लाल टिपका : माणदेशी तरंग, एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या कानानं

माझ्या टेबलाच्या खणात लाल नेलपॉलिशची एक बाटली कायम असते. दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मी डायलच्या काचेवर ९०.४ च्या जागी तिचा एक टिपका ठेवतो. माझ्याकडं रेडिओ घेऊन येणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या बायका पुष्कळ, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना आकडे वाचता येत नाहीत. काटा टिपक्यावर आणला की सातारा जिल्ह्यातल्या आमच्या माण तालुक्यातलं म्हसवडचं स्टेशन लागतं, एवढं त्यांना पुरतं. पेनानं केलेली खूण आठवड्यात पुसली जाते, नेलपॉलिश वर्षानुवर्षं टिकतं.

हे स्टेशन म्हणजे 'माणदेशी तरंग', आमचा कम्युनिटी रेडिओ, म्हणजे इथल्याच लोकांनी इथल्या लोकांसाठी चालवलेला. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनचं, २००८ साली सुरू झालेलं. १९९७ साली म्हसवडला उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होती; रेडिओ कळायला थोडा वेळ लागला. मलाही लागला. तेव्हा माझं दुकान टीव्ही आणि मोबाइलवर चालायचं आणि रेडिओ यायचे ते माळ्यावरून काढलेले, आत झुरळांनी घर केलेले.

आमच्या घरात रेडिओ म्हणजे सांगली आकाशवाणी. ते केंद्र १९६३ चं, म्हणजे माझ्या वडिलांच्या उमेदीतलं. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. त्या बातम्यांचं ऋण मी विसरणार नाही, निम्मं प्रमाण मराठी मी तिथूनच शिकलो. पण त्यात माण तालुक्याचं नाव आलंच तर दुष्काळापुरतं यायचं. आपलं नाव रेडिओवर येतं ते फक्त पाणी नसतं तेव्हा, हे मला लहानपणापासून टोचत आलं आहे.

९०.४ मी पहिल्यांदा ऐकलं ते एका सेटचं ट्यूनिंग तपासताना. मान खाली, हातात सोल्डरिंग गन. एक बाई बोलायला लागली : "शेळी व्याली की करडाला चीक लगोलग पाजा, वार पडायची वाट बघत बसू नगा." दारात कोण आलंय म्हणून मी मान वर केली. दारात कुणीच नव्हतं. बाई रेडिओत होती.

त्या एका वाक्याबद्दल मी कितीतरी जणांना सांगितलंय. एक तर सल्ला शंभर टक्के खरा. आमच्याकडं व्याल्यावरची वार पडेपर्यंत चीक, म्हणजे पहिलं दूध, पाजायचा नाही अशी जुनी समजूत आहे. तोवर करडू दोन-तीन तास उपाशी राहतं आणि पहिल्या तासाभरात पोटात जायला हवी ती ताकद जातच नाही. त्यात किती करडं गेली असतील! दुसरं म्हणजे ती बोली. हीच गोष्ट जनावरांच्या डॉक्टरांनी छापील मराठीत सांगितली असती तर माझ्या आईनं मान डोलावली असती आणि गोठ्यात जाऊन जुनंच केलं असतं. इथं सांगणारी बाई तिच्यासारखंच 'नगा' म्हणत होती. जी 'नगा' म्हणते तिच्या गोठ्यात शेळी असणार, असं आईनं धरलं आणि ऐकलं.

या स्टेशनचा सगळ्यात मोठा गुण मला हाच वाटतो. केराबाई सरगर शाळेत न गेलेल्या, ओव्या-गाणी म्हणणाऱ्या. त्या या रेडिओवर निवेदिका झाल्या आणि नंतर त्यांचं नाव देशभर झालं. आमच्या पंचक्रोशीत गाणाऱ्या बाया काही कमी नाहीत. जात्यावरच्या ओव्या, धनगरी गाणी, सिद्धनाथाची गाणी, सगळं तोंडपाठ. पण माइकसमोर बसायचं म्हणजे आधी भाषा सुधारायची, असं आम्हाला शाळेपासून शिकवलेलं. इथं कुणी भाषा सुधारायला सांगितली नाही. आमच्या गल्लीतल्या एका सुनेचं गाणं लागणार म्हणून तिच्या सासूनं दुकानात निरोप धाडला, तेव्हा टेबलावर दुरुस्त होऊन पडलेले सगळे सेट मी एकदम लावले. सात रेडिओंतून एकच आवाज. ती पोरगी दुकानाच्या पायरीवर पदर तोंडाला लावून उभी होती, आणि सासू येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होती, "आमची हाय ती."

२०१२ च्या दुष्काळाबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. माणदेशीनं म्हसवडला चारा छावणी उघडली होती, पुढं २०१९ लाही उघडली. माझी आई दोन म्हशी घेऊन छावणीत राहायला गेली. छावणी म्हणजे लोकांना वाटतं जनावरांची सोय. पण जनावराबरोबर माणूसही तिथंच राहतं, महिनोन्‌महिने. घर एकीकडं, चूल एकीकडं. मी दर आठवड्याला आईला भेटायला जायचो तेव्हा भाकरीबरोबर सेल न्यायचो, तिचे आणि शेजारच्या दोन-तीन झोपड्यांचे. ताडपत्रीच्या खांबाला सुतळीनं टांगलेला रेडिओ आणि खाली उसाचं वाढं खाणाऱ्या म्हशी, ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. रात्री आई म्हणायची, "घरी कुलूप हाय, पर ह्यो बोलतोय तवर गावात असल्यागत वाटतंय."

आता जे सलतं ते.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, आमच्याकडं दोन पॅनेल. पाण्याच्या टाकीचं काम का रखडलं, हा एकच प्रश्न सगळ्या गावाच्या मनात. दोन्ही बाजूंना माइकसमोर बसवून कुणीतरी विचारावं, गावानं ऐकावं, एवढीच आमची इच्छा. पण रेडिओला ते करता येत नाही. स्टेशनची यात काही चूक नाही, नियमच तसा आहे. कम्युनिटी रेडिओवर बातम्या आणि राजकीय विषयांचे कार्यक्रम लावायला बंदी. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, शब्दाचाही बदल न करता. वीज कधी जाणार, पाणी कधी येणार, पाऊस, परीक्षांचे निकाल, नोकरभरती, साथीची सूचना, एवढं चालतं. म्हणजे पाणी उद्या येणार नाही हे सांगता येतं; का येणार नाही हे विचारता येत नाही.

त्या निवडणुकीत आमच्या मोबाइलवर काय काय फिरलं! कुणाच्या नावावर किती एकर झाली, कुणी किती घेतले, खरं-खोटं देव जाणे. त्याला कुणाची अडकाठी नाही, बोलणाऱ्याचं तोंडही दिसत नाही. आणि जी बाई रोज आपल्या नावानं बोलते, जी चुकली तर बाजारात आम्ही तिला अडवून विचारू शकतो, तिच्या तोंडाला मात्र कुलूप. हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या मराठी मुलखातले. खटला होता क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून, पण त्यातूनच पुढची वाट निघाली : आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून आमच्या इथल्यासारख्या सामाजिक संस्थांना रेडिओ काढायची परवानगी मिळाली. लहरी आमच्या, तर त्यांच्यावरून आमच्या टाकीबद्दल आम्हाला बोलू द्या. २०२३ मध्ये आकाशवाणीचा पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचं घाटत होतं, तेव्हा लोक बोलले म्हणून ते थांबलं. या नियमाबद्दलही बोलायला हवं.

आता माझ्या धंद्यातलं. या रेडिओची पोच मर्यादित आहे हे घेणाऱ्यानं आधीच समजून घ्यावं. अशा स्टेशनांना ताकद साधारण शंभर वॉटची आणि अँटेना तीस मीटरपर्यंत, एवढीच मुभा. मोकळ्या माळावर दहा-पंधरा किलोमीटर छान लागतं. मध्ये डोंगर आला की संपलं, कारण एफएमची लहर डोंगराला वळसा घालून येत नाही. आमचं गाव म्हसवडपासून अकरा किलोमीटरवर, उंचवट्यावर आहे म्हणून आवाज स्वच्छ. खालच्या वस्तीवर खरखर येते. त्यांच्यासाठी मी एक साधा इलाज करतो : एरियलच्या टोकाला दीड मीटर तांब्याची वायर जोडायची आणि म्हसवडच्या बाजूच्या खिडकीला उभी बांधायची. खर्च वीस रुपये. दहातल्या सात घरांत काम होतं.

मोबाइलवर ऐकायचं असेल तर घ्यायच्या आधी दुकानातच बघा. बटणांचे साधे फोन अजून या बाबतीत चांगले. त्यातल्या बऱ्याच फोनांत एफएम असतो आणि हेडफोनची वायर हीच त्याची एरियल. मी स्वतः एका नावाजलेल्या कंपनीचा अकरा हजारांचा स्मार्टफोन आईसाठी घेतला, आणि घरी आल्यावर कळलं की त्यात एफएमच नाही. दुकानदार म्हणाला, इंटरनेटवर ऐका. आमच्या गोठ्यात इंटरनेटची एक काडी येते, तीही वारं असेल तशी. शेवटी आईला साडेचारशेचा सेलवरचा सेट दिला. विकत घेताना फिरवायच्या काट्याचाच घ्या. आपोआप स्टेशन शोधणारे नवे सेट पुष्कळदा मोठ्या स्टेशनांवर थांबतात आणि कमी ताकदीचं ९०.४ ओलांडून जातात. म्हाताऱ्या माणसाला ते परत सापडत नाही, मग सेट बिघडला म्हणून माझ्याकडं येतो. बिघडलेलं काही नसतं.

स्टेशन कसं आहे असं कुणी विचारलं तर मी पाचपैकी पाच देतो. जे त्यांना करता येत नाही ते नियमामुळं, त्याचे गुण त्यांचे कापणार नाही.

मागच्या आठवड्यात पुलाच्या पलीकडच्या वस्तीवरची एक आजी सेट घेऊन आली. डायलचा दोरा तुटलेला, काटा एका टोकाला पडलेला. "टिपक्याव येत न्हाय बघ," म्हणाली. नवा दोरा ओढला, काटा टिपक्यावर आणला. बाळंतिणीच्या आहारावर काहीतरी चाललं होतं. आजीची नात दिवस राहिलेली. मी सेट बंद करून पिशवीत घालायला गेलो तर तिनं माझा हात धरला. बाहेर वडापचा जीपवाला तिच्यासाठी हॉर्न वाजवत होता. "त्याला म्हण, म्होरल्या खेपंला ये," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून रेडिओपाशी बसली.