सेंट-एतिएनचा अतिशुद्ध लोह-क्रोमियम: चार पीपीएम कार्बन म्हणजे शून्य नव्हे

युरोपच्या फ्यूजन (अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) कार्यक्रमासाठी फ्रान्समधल्या सेंट-एतिएनला ओतलेल्या या कांड्या शुद्ध लोखंड आणि ५, १० व १४ टक्के क्रोमियम अशा चार प्रकारांत येतात. जाडी साधारण ११ मिमी, कार्बन वजनी ४-५ पीपीएम (दहा लाखांत ४-५ भाग). किरणोत्साराची इजा तापमानागणिक कशी भरून येते हे रोधकतेवरून (धातू विजेला किती विरोध करतो त्यावरून) मोजायचं असेल, तर याहून स्वच्छ माल शोधत बसू नका. पण ‘कार्बन नाही’ असं धरून चाललात तर फसाल.

वजनी पीपीएमला ४.६५ ने गुणलं की अणुसंख्येतलं प्रमाण मिळतं. म्हणजे ४ चे झाले साडेअठरा. किरणोत्साराने एखादा अणू जागेवरून उडाला, की मागे रिकामी जागा (व्हेकन्सी) उरते आणि तो अणू इतरांच्या फटीत अडकतो (अंतराळी अणू); ही झाली फ्रेंकेल जोडी. लोखंडात एक अणुटक्का अशा जोड्यांमुळे रोधकता सुमारे ३० मायक्रोओम-सेंमी वाढते. त्या हिशेबाने रोधकता ५५ नॅनोओम-सेंमीने वाढेल एवढी इजा केली, की कार्बन आणि व्हेकन्सी सुरुवातीलाच बरोबरीत येतात. त्यातल्या बहुतेक व्हेकन्सी तापवण्याच्या पहिल्या टप्प्यातच अंतराळी अणूंशी जुळून मिटतात आणि उरलेल्यांपुढे कार्बनचंच पारडं जड होतं. शुद्ध लोखंडात व्हेकन्सी २२० केल्विनच्या आसपास हलू लागते. कार्बन तेव्हा जागचा हलत नाही, पण वाटेत आलेली व्हेकन्सी धरून ठेवतो, त्यामुळे रोधकतेची तिथली उतरण खुजी दिसते. सुमारे ३५० केल्विनला कार्बन स्वतः चालू लागतो आणि उरलेल्या व्हेकन्सी गाठतो. कार्बनचा प्रभाव नसलेला संदर्भ-वक्र (तुलनेचा आलेख) हवा असेल तर इजेची मात्रा वाढवा. फक्त धातूच्या शुद्धतेवर विसंबून भागणार नाही.

खरी माती होते ती कांडी लाटून मोजणीची पट्टी तयार करताना. ५० मायक्रॉन जाडीच्या एक चौरस सेंमी पट्टीचं वजन भरतं ३९ मिलिग्रॅम. तिच्यात ४ पीपीएम म्हणजे जेमतेम ०.१६ मायक्रोग्रॅम कार्बन! लाटताना लागलेलं तेल नीट निघालं नाही, किंवा भट्टी निर्वात करणाऱ्या ऑइल डिफ्यूजन पंपाची वाफ मागे आली, की गरम पट्टीवर एवढा कार्बन सहज मुरतो आणि कांडीच्या प्रमाणपत्राला काही अर्थ उरत नाही. म्हणून कार्बनची तपासणी शेवटच्या अनीलिंगनंतर (पट्टी तापवून लाटण्यातले दोष घालवल्यावर), त्याच तुकडीतल्या पट्टीवर करा. ५ आणि १० टक्के क्रोमियमच्या पट्ट्या ८०० अंश सेल्सिअसच्या आतच अनील करा. त्यावर ऑस्टेनाइट (लोखंडाची वेगळी स्फटिकरचना) होण्याची भीती असते. मग वेगाने थंड करताना मार्टेन्साइट (कठीण, ताणलेली रचना) आणि डिस्लोकेशनांचं (स्फटिकातल्या रेषेसारख्या दोषांचं) जंगल पदरात पडतं. १४ टक्क्यांना ही अडचण नाही.

क्रोमियम जास्त असलेल्या पट्ट्यांचे आलेख वाचताना जरा जपून. दोष हलू लागले की क्रोमियमचे अणूही आपली मांडणी बदलतात आणि रोधकता त्यानेही सरकते. सगळा बदल इजा भरून आल्याचा मानू नये.

उणीव एकच: जोडीला कार्बनयुक्त नमुना मिळत नाही, तो स्वतः बनवावा लागतो. मोजलेला कार्बन घालून पट्टी ७०० अंशांवर ठेवा आणि बर्फाच्या पाण्यात टाका. हळू थंड केली तर कार्बन कार्बाइडमध्ये, म्हणजे धातूशी झालेल्या संयुगात, अडकतो. तपासणीत तो पूर्ण दिसतो, पण व्हेकन्सी पकडायला मोकळा नसतो. विरघळलेला कार्बन खोलीच्या तापमानालाही हळूहळू हलतो, त्यामुळे थंड केलेली पट्टी क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड तापमान राखणाऱ्या उपकरणात) बसवेपर्यंत द्रव नायट्रोजनमध्येच ठेवा.