वेगाची चलानं साचलीत: भरून टाकायची, तक्रार करायची, लोकअदालतीत न्यायची की कोर्टात लढायचं?

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कॅमेरे लागल्यापासून एकाच गाडीवर वेगाची तीन-चार ई-चलानं ही नवलाई राहिलेली नाही. कारला सपाटीवर ताशी १०० ची मर्यादा, घाटात ६०. खंडाळ्याच्या उतारावर काटा ८० ला कधी टेकतो ते कळतही नाही. कारसाठी कायद्यातला दंड १,००० ते २,००० रुपये, त्यामुळे बहुतेक जण पर्यायांची तुलना रुपयांतच करतात. मला ती तुलना अपुरी वाटते.

कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये दुसऱ्यांदा वेग मोडला तर दंडाबरोबर लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. ते आरटीओकडे जातं आणि तिथे निलंबनाची कारवाई सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने तर २०१५ मध्येच राज्यांना बजावलंय की वेगासाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या नंबरवर निघतं, चालकाच्या लायसन्सवर नाही, म्हणून अनेकांना हा धोका जाणवत नाही, इतकंच.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दंड भरणं. महाट्रॅफिक ॲपवर पाच मिनिटांचं काम. चूक तुमचीच असेल, फोटो स्पष्ट असेल आणि चलान एखादंच असेल तर दुसरा विचार करू नका. (फक्त व्हॉट्सॲपवर आलेली ‘चलान’ नावाची फाइल उघडू नका, ती फसवणूक असते.) पण यात एक मेख आहे. असं चलान भरणं म्हणजे कलम २०० खाली तडजोड शुल्क देऊन गुन्हा कोर्टाबाहेर मिटवणं, पण ते भरलं तरी लायसन्सवरच्या कारवाईतून सुटका होत नाही, असं २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणजे ‘सगळी भरली, आता निवांत’ हे खरं नाही.

तक्रार करायला पैसे लागत नाहीत, पण मुद्दा लागतो. चलान उघडून फोटो मोठा करून बघा. नंबरप्लेट वाचता येते का? गाडी तुमचीच आहे का, की तुमच्या कारच्या नंबरवर कुणाची स्कूटर दिसतेय? मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम या गोष्टी चलानावर असायलाच हव्यात. नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते आणि वेग मोजणाऱ्या यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. यातलं काही खटकलं तर आधी तक्रार करा, पैसे नंतर. एकदा भरून टाकल्यावर भांडायला फारसं काही उरत नाही. ‘मी घाईत होतो’ किंवा ‘सगळेच तसे जात होते’ हे मात्र लिहू नका, ती कबुलीच होते.

लोकअदालतीचं आकर्षण सवलतीचं. जुनी, बरीच साचलेली आणि वाद नसलेली चलानं असतील तर हा मार्ग बरा. पण सवलत मिळेलच याची हमी नाही, आणि तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्या चलानाबद्दल शंका आहे ते तिथे नेऊ नका.

कोर्टात लढणं घरच्या गाडीवाल्याला बहुधा परवडत नाही. दोन हजारांसाठी वकील आणि तारखा कोण करणार? टॅक्सी, ट्रक किंवा स्कूल बस चालवणाऱ्याचं गणित निराळं. त्याच्यासाठी तीन महिने लायसन्स नसणं म्हणजे तीन महिने घरात पगार नाही. चलान चुकीचं असेल तर त्याने लढावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी तुमच्या नावावर, पण चालवतो मुलगा किंवा ड्रायव्हर, असं असेल तर? पोलिसांनी विचारल्यास चालक कोण होता हे सांगणं मालकाला कलम १३३ खाली बंधनकारक आहे. खरं तेच सांगा. मुलाला वाचवायला वडिलांनी आपलं नाव पुढे करणं अंगाशी येतं, कारण फोटोत कधीकधी चेहराही दिसतो.

आरटीओची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. निलंबनाआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं त्यांना बंधनकारक आहे. जाताना चलानांच्या प्रती, भरल्याच्या पावत्या आणि त्या दिवशी गाडी दुसऱ्याकडे असल्यास त्याचा पुरावा बरोबर ठेवा. आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. निलंबन झालंच तर उजळणी प्रशिक्षणही करावं लागतं. त्या काळात ‘जवळच तर जायचंय’ म्हणून गाडी काढलीत तर तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.