पंधराचा स्ट्रायकर की दहाचा?

दुकानदाराने तळहातावर कॅरमचे दोन स्ट्रायकर ठेवलेत आणि तुमचं ठरत नाहीये, तर हे वाचा. माझ्या पावडरच्या डब्यात दोन्ही आहेत. एक १५ ग्रॅमचा, स्पर्धेत याहून जड चालत नाही. दुसरा १० चा.

ब्रेकला जडच. १९ सोंगट्यांचा गठ्ठा फोडायला संवेग लागतो, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. १० चा कितीही सणसणीत मारला तरी माझ्या बोटाने गठ्ठा अर्धवटच उघडतो. इथे वाद नाही.

पण तोच संवेग पुढे नडतो. सोंगटी साधारण ५ ग्रॅमची. १५ चा स्ट्रायकर सेकंदाला २ मीटर वेगाने तिच्यावर सरळ आदळला, तर संवेग झाला ३०. टक्कर अगदी चोख, म्हणजे ऊर्जा जराही वाया न जाणारी धरली तर सोंगटी ३ मीटरने सुटते, म्हणजे तिने १५ नेले. उरलेले १५ स्ट्रायकरकडेच. तो निम्म्या वेगाने तिच्या मागोमाग निघतो. १० च्याकडे एक तृतीयांश वेग उरतो. जागच्या जागी थांबायला तो सोंगटीएवढाच हलका हवा, आणि तसल्याने कोण खेळणार?

गणपतीत मंडळाच्या सामन्यात माझी शेवटची पांढरी भोकाच्या तोंडाशी होती. लहान पोरही घालेल अशी. घातली. आणि स्ट्रायकर पावडरवरून सावकाश, अगदी निवांत, तिच्यामागे भोकात उतरला. ती सोंगटी परत बोर्डावर, वर दंडाची एक. समोरचे काका हसले नाहीत, नुसते बोटावरची पावडर झटकत बसले. त्या दहा दिवसांत हे तीनदा झालं.

कट मारा, म्हणजे सरळ न मारता सोंगटीच्या कडेवर मारा, म्हणाल. मारतो की! पण हिशेबाने १५ चा कटवरही जेमतेम २० अंश वळतो, १० चा ३० पर्यंत. भोकाच्या कडेला तेवढ्यावर दंड वाचतो. निदान माझा तरी वाचलाय.

ज्यांना हळू मारणं जमतं त्यांना जडाचा त्रास होत नसावा. आमच्या चाळीतले जुने खेळाडू त्यानेच खेळतात आणि मला हरवतातही. माझं बोट मात्र अजून तापट आहे. त्यामुळे पंधराचा सध्या मुलीकडे असतो, तिला ब्रेकचा आवाज आवडतो.