दहा घरांची फणेरपेटी: इंग्लॉटचं फ्रीडम सिस्टम पॅलेट आणि नवरात्राचे रंग

आजीची फणेरपेटी माझ्याकडे आली आहे. काळपट लाकडाची, झाकणाच्या आतून आरसा, खाली छोटे कप्पे. एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात मेणाची डबी. आजी आधी कपाळावर मेणाचं बोट टेकवायची, ते गोल फिरवायची आणि मग त्यावर कुंकू लावायची. मेण कशाला, असं विचारलं की म्हणायची, "अगं, नुसतं कुंकू घामाबरोबर नाकावर उतरतं. मेण त्याला धरून ठेवतं." आयशॅडोबद्दल, म्हणजे पापणीवर लावायच्या रंगाबद्दल, मला आज जेवढं कळतं त्यातलं निम्मं या एका वाक्यात आहे.

त्या पेटीच्या मोठ्या कप्प्यात आता इंग्लॉटचं दहा शेडचं फ्रीडम सिस्टम पॅलेट, म्हणजे आयशॅडोची डबी, असतं. दोन नवरात्रं ते रोज वापरलं, त्यानंतर हे लिहायला बसले आहे.

इंग्लॉट ही पोलंडची कंपनी. वोयचेख इंग्लॉट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९८३ साली ती सुरू केली. फ्रीडम सिस्टम म्हणजे काय, तर रिकामी डबी वेगळी घ्यायची आणि शेड एकेक निवडून तिच्यात बसवायच्या. डबीत चुंबक असतो, त्यामुळे शेडची चौकोनी वडी जागेवर सोडली की टक् करून बसते. झाकणही चुंबकावरच राहतं, उचललं की पूर्ण वेगळं होतं. अशा दोन डब्या एकमेकींवर ठेवल्या तर त्याही एकमेकींना धरून राहतात. आरसा असलेली डबीही मिळते. मी बिनआरशाची घेतली, कारण आरसा आजीच्या पेटीत आहेच.

त्याआधी माझ्याकडे तयार पॅलेट कमी नव्हती. एक तर पस्तीस शेडचं होतं (कंपनीचं नाव सांगत नाही). त्यातल्या सहा शेड मी वापरल्या, बाकी सगळे एकमेकांचे मावसभाऊ शोभतील असे तपकिरी, आणि ज्या जांभळ्यासाठी घेतलं होतं तो पापणीवर खडूसारखा पांढुरका उतरायचा. मला गोळा करायची हौस आहे, ती मी लपवत नाही. एका आयशॅडोवर कमळाची उठावाची नक्षी आहे, त्याला मी आजवर बोट लावलेलं नाही आणि लावणारही नाही. सुंदर वस्तू नुसती उघडून बघायलाही हवी असते. पण रोज हात जातो ती वस्तू वेगळी, आणि ती मला स्वतः भरायची होती.

काय भरायचं हे नवरात्रानं ठरवलं. आपल्याकडे नवरात्राचे रंग बहुतेक वारानुसार येतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी केशरी. उरलेले दोन मागेपुढे होतात. २०२४ साली गुलाबी आणि जांभळा होते, २०२५ साली मोरपंखी आणि गुलाबी. डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही, त्या नऊ दिवसांत सकाळच्या लोकलचा लेडीज डबा बघितला की झालं. दारातली, खिडकीतली, मधे उभी असलेली, सगळ्याजणी एका रंगात. साडी, ओढणी, बांगड्या, टिकली. डोळे मात्र कुणाचेच त्या रंगाचे नव्हते, आणि मला ते करून बघायचं होतं. नऊ घरं नऊ रंगांना आणि दहावं मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, तपकिरीला.

एकेक शेड निवडून दहा घरं भरायची म्हणजे खर्च मोठा, हे आधीच सांगते. मी एकदम घेतलं नाही. मे महिन्यापासून दर पगाराला दोन शेड, असं सप्टेंबरपर्यंत भरत आणलं. पर्समध्ये त्या त्या रंगाचा ब्लाऊजपीस घेऊन जायचे, मॉलमधल्या काउंटरवर दंडाच्या आतल्या बाजूला स्वॉच, म्हणजे रंगाचा नमुना, लावून घ्यायचे आणि तशीच मॉलच्या दारापर्यंत चालत जाऊन उन्हात हात धरून बघायचे. काउंटरच्या पिवळ्या दिव्याखाली जो रंग डाळिंबी वाटतो, तो उन्हात विटकरी निघतो. घाई करू नका, उन्हात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तिथल्या मुलीनं मला एकदाही कंटाळा दाखवला नाही. तिसऱ्या महिन्यापासून तर मी दिसले की तीच विचारायची, "ताई, आज कुठला वार?"

माझा रंग सावळा, पापण्या चेहऱ्यापेक्षा अजून एक छटा गडद. अशा पापणीवर कुठलाही चटक रंग सरळ लावला तर निम्मा गिळला जातो. म्हणून आधी मेण, म्हणजे आताच्या भाषेत प्राइमर. तो नसेल तर कन्सीलरचा (डाग झाकायच्या क्रीमचा) अगदी पातळ हात, वरून काही न लावता मिनिटभर तसाच चिकट ठेवायचा. त्यावर रंग घासायचा नाही, थापायचा. कडा मात्र ब्लेंडिंग ब्रशनं तपकिरीत विरघळवायच्या. केशरीला एवढं करावं लागत नाही. पापणीचा काळपट निळसरपणा तो आपोआप मारतो, म्हणून सावळ्या बायकांनी पहिला रंगीत प्रयोग केशरीनंच करावा असं माझं ठाम मत आहे. गेल्या वर्षी रविवारच्या भोंडल्याला मी नुसता केशरी आणि काजळ एवढंच लावून गेले होते, आणि खिरापत ओळखायच्या आधी सगळ्यांनी शेड विचारली.

पिवळ्याखाली पांढरी काजळपेन्सिल फिरवली की तो झेंडूसारखा उठतो, नाहीतर मोहरीच्या कालवणासारखा दिसतो. पांढरा पूर्ण पापणीवर लावूच नका. मोतिया चमकीचा घ्या आणि नाकाकडच्या कोपऱ्यात टिकलीएवढा ठेवा. राखाडी मला शोभत नाही, दोन वर्षं करून बघितलं, चेहरा आजारी दिसतो.

लाल रंगानं मला बरंच शिकवलं. पहिल्या वर्षी तो थेट पापणीच्या केसांपर्यंत भिडवला आणि ऑफिसात पोचल्या पोचल्या पहिला प्रश्न आला, "डोळे आलेत का गं?" मला वाईट वाटलं, कारण त्या सकाळी पाऊण तास त्यात घातला होता. आता केसांच्या मुळाशी आधी काळ्या काजळाची जाड रेघ ओढते, ती तपकिरीनं जरा पसरवते, आणि लाल त्याच्या वर, पापणीच्या मध्यावर बसवते. डोळ्याचा ओलसर गुलाबी काठ आणि लाल रंग यांच्यात काळ्याची भिंत उभी राहिली की तोच लाल कुंकवासारखा देखणा दिसतो. यंदा मंगळवारी कुणी काही विचारलं नाही, नुसतं थांबून बघितलं.

निळा मॅट आहे, खूप रंग देणारा. असा कुठलाही गडद मॅट लावताना गालावर थोडी भुकटी पडतेच, तेव्हा डोळे आधी करा आणि फाउंडेशन नंतर. बुधवारसाठी मी दुसरीच युक्ती वापरते. याच कंपनीचं ड्युरालाइन नावाचं पारदर्शक द्रावण मिळतं. मनगटावर निळ्याची चिमूटभर भुकटी खरवडून घ्यायची, त्यावर एकच थेंब टाकायचा, बारीक ब्रशनं कालवायचं, आणि रांगोळीच्या रेघेसारखी एका दमात ओढायची. सुकली की ती पाण्यानं हलत नाही. दादरच्या गर्दीत घुसमटून, घामानं निथळून उतरले तरी रेघ तशीच होती. थेंब वडीवर मात्र कधी टाकू नका, वर पापुद्रा धरतो आणि मग रंग निघत नाही.

आणि मोरपंखी. त्याच्यासाठी मी यंदा जांभळ्याचं घर रिकामं केलं. नखानं उचकटावं लागत नाही. झाकणाचा कोपरा वडीवर टेकवायचा, चुंबक तिला वर ओढून घेतो. जांभळा आता वेगळ्या छोट्या डबीत आहे, पुन्हा त्याचं वर्ष येईल तेव्हा परत येईल. मोरपंखीत मॅट घेण्यात अर्थ नाही, तो चमकीचाच हवा. अशा चमकीत अभ्रकाचे अतिशय बारीक पापुद्रे असतात, त्यांच्यावर टायटॅनियम डायॉक्साइडचा थर चढवलेला असतो, आणि त्या थराच्या जाडीप्रमाणे परतणाऱ्या उजेडाचा रंग ठरतो. म्हणून मान वळवली की हिरव्यातून निळा डोकावतो. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो म्हणून पदर हलला की धूपछाव दिसते. तिथलं कारण वेगळं, पण डोळ्याला मिळणारं सुख तेच. हा रंग ब्रशनं लावू नये. अनामिकेनं दाबून लावावा. बोटाच्या उबेनं चमक एकसंध बसते, ब्रशनं ती विस्कटून गालावर जाते.

मोरपंखीच्या दिवशी, म्हणजे यंदाच्या नवरात्रातल्या दुसऱ्या सोमवारी, मी आईची मोरपंखी नारायणपेठ नेसले होते. कल्याणहून बसून येणाऱ्या काकूंनी मला समोर उभं करून हनुवटी धरली, इकडे वळवली, तिकडे वळवली आणि म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला लाव की थोडं." त्या साठीच्या आहेत, काजळापलीकडे त्यांनी कधी काही लावलेलं नाही. पॅलेट पर्समध्येच होतं. दुसऱ्याच्या डोळ्याला लावताना स्वतःचं बोट किंवा ब्रश वापरायचा नाही, जंतू फिरतात, म्हणून मी इअरबडनं रंग उचलला. गाडी ठाण्याला थांबली तेवढ्यात एक डोळा झाला, मुलुंडच्या आत दुसरा. पापणीला सुरकुती असेल तर ती हलकेच वर धरून रंग फक्त खालच्या सपाट भागावर ठेवायचा, सुरकुतीत भरायचा नाही. त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यात बघितलं. बराच वेळ बघत होत्या. मग शेजारणीनं हात पुढे केला, मग तिच्या मुलीनं. भायखळ्यापर्यंत माझे इअरबड संपले.

घरी आल्यावर मी सगळ्या वड्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बारीक फवारा मारून उघड्या वाळवल्या. हे अधूनमधून करतच जा, आणि वाळायच्या आत झाकण लावू नका.

हे पॅलेट कुणी घ्यावं? ज्यांना नेमके कुठले रंग हवेत ते ठाऊक आहे आणि वाट बघता येते त्यांनी. लग्नाला चार दिवस राहिलेत आणि काहीतरी हवंय, तर तयार पॅलेटच बरं. आणि पहिलं घर भरताना मॅट तपकिरी घ्या, चटक रंगाच्या मोहात पडू नका. माझ्या डबीत दोन नवरात्रांनंतर नऊ रंग अजून भरलेले आहेत. तपकिरीच्या मधोमध मात्र पत्र्याचा रुपयाएवढा गोल दिसायला लागलाय. दिवाळीआधी तेवढी एकच वडी आणायची आहे.