20 लिटरचा सोलो मायक्रोवेव्ह: गोठलेल्या मासळीपासून शिळ्या आमटीपर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलेला 20 लिटरचा, 700 वॅट क्षमतेचा, दोन गोल नॉब असलेला साधा सोलो मायक्रोवेव्ह आमच्या ठाण्याच्या घरात आता उन्हाळ्यापर्यंत रोज वापरात आहे. घरात आम्ही चौघे. रविवारी मासळी आणि चिकन आणून साफ करून फ्रीझरमध्ये ठेवणे, आदल्या रात्रीची भाजी-आमटी सकाळी डब्यासाठी गरम करणे आणि अधूनमधून भात लावणे, ही त्याची मुख्य कामे. जाहिरातीत दिसणारा केक, पिझ्झा वा तंदुरी यांचा या यंत्राशी संबंध नाही. त्यासाठी ग्रिल किंवा कन्व्हेक्शनचे यंत्र लागते. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की मायक्रोवेव्हबद्दल लोकांना ज्याची भीती वाटते त्याची फारशी गरज नाही, आणि ज्याची काळजी घ्यायला हवी तिकडे मात्र बहुतेकांचे लक्ष नसते. काळजीची गोष्ट म्हणजे त्याची असमान उष्णता: एकाच वाडग्यात एक घास तोंड भाजेल इतका कढत आणि शेजारचा घास फ्रीजमधून काढल्याइतका थंड असू शकतो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर उडदाचा एक मोठा पापड फिरत्या काचेच्या थाळीवर मधोमध ठेवावा आणि अर्ध्या मिनिटातच यंत्र थांबवावे. आमच्या यंत्रात पापडाची कड फुलून पांढरी होते, तिच्या आत एक कच्चा पट्टा राहतो, आणि केंद्राजवळ पुन्हा एक भाजका ठिपका उमटतो. घरगुती मायक्रोवेव्हमधील तरंगांची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर असते. धातूच्या भिंतींवर आपटून परतणारे तरंग एकमेकांत मिसळतात तेव्हा काही जागी ते जोरकस होतात आणि काही जागी जवळजवळ नाहीसे होतात. थाळी फिरते ती यासाठीच, परंतु ती हा फरक कमी करते, संपवत नाही. प्रत्येक यंत्राचा नकाशा निराळा असल्यामुळे नव्या यंत्रात पहिल्याच आठवड्यात एक पापड या कामी खर्च करावा. आमच्याकडे त्यानंतर वाट्या थाळीच्या मध्यावर न ठेवता कडेने गोलाकार ठेवण्याची सवय लागली आणि गरम होण्यातला फरक लगेच जाणवला.

दुसरी गोष्ट खऱ्या शक्तीची. पाककृतींमधील वेळा बहुधा 900 किंवा 1000 वॅटच्या यंत्रांसाठी दिलेल्या असतात आणि त्या आपल्या यंत्राला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात घेऊन त्याचे तापमान मोजावे, पूर्ण शक्तीवर एक मिनिट ठेवावे, ढवळून पुन्हा मोजावे. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला 70 ने गुणले की अंदाजे वॅट मिळतात. आमच्याकडे वाढ नऊ अंशांच्या आसपास येते, म्हणजे साधारण 630 वॅट. भांडेही थोडी उष्णता घेते, हे ध्यानात घेतले तर यंत्रावर लिहिलेला आकडा बरोबर म्हणायला हरकत नाही. 900 वॅटसाठी सांगितलेली चार मिनिटे 700 वॅटच्या यंत्रात पाच मिनिटांहून थोडी अधिक होतात.

आता डीफ्रॉस्टकडे, म्हणजे गोठलेले वितळवण्याकडे वळतो, कारण यंत्र घेण्यामागचा मूळ हेतू तोच होता आणि सर्वांत नाजूक कामही तेच आहे. हे तरंग द्रव पाण्यात चटकन शोषले जातात, बर्फात मात्र अगदी नगण्य प्रमाणात. त्यामुळे गोठलेल्या तुकड्याचा जो कोपरा आधी वितळतो तो पुढची सगळी उष्णता आपल्याकडे ओढून घेतो; कड शिजू लागते आणि गाभा दगडासारखाच राहतो. पूर्ण शक्तीवर हे दोन-तीन मिनिटांतच घडते. डीफ्रॉस्टच्या खुणेवर यंत्र साधारण 30 टक्के शक्ती देते. पण आमच्यासारख्या साध्या यंत्रात तरंग सौम्य होत नाहीत, तरंग निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन थोडा वेळ पूर्ण ताकदीने चालतो आणि उरलेला वेळ बंद राहतो. कान देऊन ऐकले तर हे स्पष्ट कळते: पंख्याचा आवाज एकसारखा असतो, मध्येच खालून जाड घरघर सुरू होते, आतला दिवा किंचित मंद होतो, आणि काही सेकंदांनी घरघर थांबते. त्या थांबलेल्या वेळात उष्णता बाहेरून आत झिरपते, आणि खरे वितळण्याचे काम या विश्रांतीतच होते.

सुरमईच्या तुकड्यांची आमची पद्धत आता बसली आहे. फ्रीझरमध्ये ठेवतानाच तुकडे एकमेकांवर न रचता पिशवीत एका थरात, सपाट ठेवायचे. निम्मे यश इथेच असते. काढल्यावर पिशवी काढून टाकायची, तुकडे कड असलेल्या काचेच्या थाळीत पसरायचे, डीफ्रॉस्टवर तीन मिनिटे, मग उलटून जागा बदलायच्या आणि आणखी दोन मिनिटे. पोटाकडची पातळ बाजू पांढुरकी आणि अपारदर्शक दिसू लागली की ती शिजायला लागली असे समजून लगेच थांबायचे, मग मधला भाग कडक का असेना. तुकडा वाकवल्यावर किंचित वाकतो आणि मध्यभागी बर्फाचे कण हाताला लागतात, ही योग्य अवस्था. बाहेर पाच-दहा मिनिटे झाकून ठेवले की उरलेले काम आपोआप होते. कोळंबीसाठी मात्र मायक्रोवेव्ह वापरूच नये असे माझे मत आहे. ती इतकी लहान असते की शेपटीकडून गुलाबी होऊन वळायला लागेपर्यंत आपल्याला कळत नाही. बंद पिशवीत घालून थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवली तर अर्ध्या तासात नीट सुटते. खिम्याचा गोळा असेल तर दर दोन मिनिटांनी सुटलेला थर चमच्याने खरवडून बाजूला काढावा. दुकानातून येणारा थर्माकोलचा ट्रे आणि त्यावरचे प्लास्टिक आधीच काढून टाकावे. खवलेले ओले खोबरे डीफ्रॉस्टवर मिनिटभर पुरते, त्यापुढे ते तेल सोडू लागते आणि त्याचा वास बदलतो. मटाराचे दाणे वितळवण्याची गरजच नाही, ते थेट फोडणीत जातात.

यानंतरचा नियम कसोशीने पाळावा: मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेली मासळी किंवा मांस लगेच शिजवायचे, दुपारी वितळवून रात्रीसाठी ठेवायचे नाही आणि कच्चे परत फ्रीझरमध्ये टाकायचे नाही. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो, आणि डीफ्रॉस्ट करताना तुकड्याच्या कडा या पट्ट्यात आधीच शिरलेल्या असतात. रात्रीचा बेत आधी ठरलेला असेल तर सकाळी पुडी फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवणे हीच आजही सर्वांत सुरक्षित रीत आहे. मायक्रोवेव्ह अचानक पाहुणे आल्यावरचा उपाय म्हणून ठीक. कच्च्या मासळीचे पाणी थाळीवर सांडले असेल तर फिरती काच काढून साबणाने धुतल्याशिवाय पुढचा पदार्थ आत ठेवू नये.

गरम करण्याच्या बाबतीत आमची तक्रार जवळजवळ नाही, फक्त ढवळण्याचा आळस करून चालत नाही. मायक्रोवेव्हमध्ये अन्न आतून बाहेर शिजते असे अनेकजण ठामपणे सांगतात, ते खरे नाही. तरंग दोन-तीन सेंटिमीटरच आत पोहोचतात आणि त्यापुढे उष्णता नेहमीच्याच गतीने सरकते. वाडगाभर आमटी सलग चार मिनिटे ठेवण्यापेक्षा दोन मिनिटे, मग तळापासून ढवळणे, पुन्हा दोन मिनिटे आणि शेवटी दोन मिनिटे झाकून ठेवणे, असे केल्यास ती सर्वत्र सारखी कढते. चिकनचा रस्सा असेल तर मी सर्वांत जाड तुकड्यात थर्मामीटर खुपसून 74 अंश पाहतो. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि यंत्राबरोबर घेण्याची ती एकच वस्तू मी आग्रहाने सुचवेन. भाताबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे: रात्रभर ओट्यावर राहिलेला भात कितीही गरम केला तरी निर्धोक होत नाही, कारण त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सीरियस या जंतूचे विष उष्णतेला दाद देत नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

गोड पदार्थांची गंमत वेगळीच. पुरणपोळी अर्धे मिनिट ठेवली तर बाहेरून हाताला जेमतेम कोमट लागते, पण गुळाचे पुरण जीभ पोळेल इतके तापलेले असते. साखर आणि गूळ असलेले सारण भोवतालच्या पारीपेक्षा लवकर तापते, त्यामुळे मोदक असो वा पोळी, मुलांना देण्याआधी फोडून पाहावे. बाळाची दुधाची बाटली यात गरम न करण्याचा सल्ला याच कारणासाठी दिला जातो. बटाटा काट्याने टोचल्याशिवाय आणि अंडे कवचासह कधीही ठेवू नये. वाफेला वाट मिळाली नाही की ते फुटतात, आणि अंडे कधीकधी बाहेर काढल्यावर हातात फुटते. गुळगुळीत काचेच्या कपात नुसते पाणी तापवले तर ते बुडबुडे न येता उत्कलनबिंदूच्या वर जाऊ शकते आणि कॉफीची पूड टाकताच उसळते. कपात लाकडी चमचा ठेवावा, मिनिटभर थांबावे, आणि चहाचे आधण शक्यतो गॅसवरच ठेवावे, कारण एवढ्यासाठी यंत्र लावण्यात तसा फायदाही नाही.

आपल्या घरांत खरी अडचण भांड्यांची होते, कारण सगळे स्वयंपाकघर स्टीलचे. स्टीलच्या डब्यात प्रत्येक वेळी ठिणग्या उडतातच असे नाही, म्हणून काही लोक निर्धास्तपणे ते वापरतात. परंतु धातूला तरंग भेदू शकत नसल्यामुळे अन्न वरूनच तापते आणि डबा भिंतीला टेकला तर ठिणगी पडते. सोनेरी काठाच्या बशाही वर्ज्य. आम्ही बोरोसिलिकेट काचेचे तीन वाडगे आणि साध्या चिनी मातीच्या बशा एवढ्यावरच भागवतो. बोरोसिलिकेट असले तरी तापलेला वाडगा ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवू नये, कोरडे फडके आधी पसरावे. हॉटेलातून येणाऱ्या पातळ डब्यांत तेलकट रस्सा गरम करणे टाळावे: तवंगाचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे जाते आणि डब्याच्या कडा वितळून खडबडीत होतात. मेलामाइनच्या रंगीत ताटल्या स्वतःच तापतात, त्यांचाही उपयोग नाही.

आईला सुरुवातीस किरणांची धास्ती होती आणि यंत्र चालू असेपर्यंत ती स्वयंपाकघराबाहेर उभी राहत असे. तिला समजावताना मी दोनच गोष्टी सांगितल्या. दारावरच्या जाळीची भोके मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असतात आणि 12 सेंटिमीटर लांबीचे तरंग त्यांतून बाहेर पडण्याचे प्रमाण अत्यल्प असते. शिवाय दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद होतो आणि अन्नात काहीही शिल्लक राहत नाही. अमेरिकेत 1971 पासून लागू असलेल्या नियमानुसार यंत्राच्या पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटर अंतरावर गळती आयुष्यभरात कधीही दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅटपेक्षा जास्त असता कामा नये, आणि अंतर वाढेल तशी ती झपाट्याने घटते. दार वाकलेले असेल, बिजागरी सैल असेल किंवा कडेला खरकटे साचून दार नीट बसत नसेल तर मात्र यंत्र वापरू नये. आई आता पापड स्वतः भाजते.

विजेची बाजू दुकानात कुणी सांगत नाही. 700 वॅट अन्नाला देणारे यंत्र भिंतीतून सुमारे 1,150 वॅट ओढते, म्हणून त्याला अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा. मिक्सरच्या एक्सटेन्शन बोर्डावर त्याची सोय करू नये. मागे आणि वर हवा खेळण्यासाठी जागा सोडावी, आणि टीव्हीवर घालतात तसा विणलेला रुमाल यावर घालू नये, कितीही सुबक असला तरी. मुंबई-ठाण्यात झुरळे उबेसाठी मागच्या फटींतून आत शिरतात, तेव्हा यंत्रामागची जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवणे भाग आहे. आत काहीही न ठेवता यंत्र चालवू नये.

मधल्या काळात आतल्या उजव्या भिंतीवरच्या अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर शेंगदाणे भाजताना उडालेले तेल साचून काळा डाग पडला आणि बारीक ठिणग्या दिसू लागल्या. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी पाहताक्षणी मॅग्नेट्रॉन बदलण्याचा मोठा खर्च सांगितला. प्रत्यक्षात भिंत पुसून अभ्रकाचा नवा तुकडा मापाने कापून बसवल्यावर यंत्र पूर्ववत झाले. हा तुकडा बाहेरून, दार उघडून बदलता येतो. यंत्राचे कवच मात्र घरी कदापि उघडू नये, कारण आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतदाब शिल्लक राहू शकतो.

भाकरी यात चामट होते, फोडणी होत नाही, आणि पोळ्या ओलसर सुती फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस सेकंद ठेवल्या तरच मऊ राहतात. सहा-सात हजारांच्या यंत्राकडून याहून अधिक अपेक्षा मी ठेवत नाही. ज्यांच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा मासळी किंवा चिकन वितळवावे लागते त्यांनी थोडे अधिक पैसे घालून इन्व्हर्टरचे यंत्र पाहावे, कारण त्यात शक्ती खरोखरच कमी होते, चालू-बंद होत नाही, आणि कडा शिजण्याचा त्रास पुष्कळ घटतो. केवळ शिळे गरम करायचे असेल तर दोन नॉबचे हे साधे यंत्र पुरेसे आहे.