नाडी मनगटावर मोजावी की छातीवर?

झोप, रोजचं चालणं आणि विश्रांतीच्या वेळची नाडी एवढंच पाहायचं असेल तर हातातलं स्मार्टवॉच पुरे. छातीच्या पट्ट्याचा प्रश्न येतो तो धावणाऱ्यांना, त्यातही इंटरव्हल (आलटून पालटून जोरात आणि हळू धावणं) आणि चढ करणाऱ्यांना.

घड्याळ कातडीत हिरवा प्रकाश सोडतं आणि रक्ताने तो किती शोषला यावरून ठोके काढतं. पण पावलागणिक हात हलतो, घड्याळ किंचित सरकतं आणि कधी कधी ती पावलांची लयच त्याला नाडी वाटते. धावताना पावलं साधारण मिनिटाला 160 ते 180 पडतात. म्हणजे नाडी 135 असताना स्क्रीनवर 170 दिसू शकते. आकडा खरा वाटण्यासारखा असतो, हीच खरी अडचण. 250 दिसले असते तर कुणीही दुर्लक्ष केलं असतं. 170 पाहून मात्र माणूस विनाकारण वेग कमी करतो. माझा कल पट्ट्याकडे झुकला तो एवढ्यासाठी.

नाडीचा आकडा पावलांच्या आकड्याला चिकटलेला दिसला तर घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घ्या आणि धावण्यापुरतं एक भोक घट्ट करा. बऱ्याचदा भागतं. थंडीत कातडीकडचा रक्तप्रवाह कमी होतो, तेव्हा हा उपाय तोकडा पडतो. सेन्सरखाली गडद टॅटू असेल तरीही तेच.

पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने 1982 साली स्पोर्ट टेस्टर हा बिनतारी नाडीमापक आणला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. त्याचे लाड मात्र पुरवावे लागतात. इलेक्ट्रोड, म्हणजे पट्ट्याचे कातडीला टेकणारे भाग, ओले करूनच बांधा. कोरड्या कातडीवर घाम येईपर्यंत आकडे उड्या मारतात. कोरड्या हवेत सैल सिंथेटिक टी-शर्ट घासला तरी तसंच होतं. धावून आल्यावर सेन्सर पट्ट्यावरून काढून ठेवा, नाहीतर ओलाव्यामुळे तो जागाच राहतो आणि बटण सेल लवकर संपतो. पट्टा साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा.

घामातल्या मिठाने आधी कापड निकामी होतं, सेन्सर सहसा टिकतो. म्हणून घेताना नुसता पट्टा सुटा मिळतो का, हे दुकानात आधी विचारा.